आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा स्लाइडशो: जुने फोटो दिसत नाहीत, रविवारी कार्यक्रम आहे

मासुंदा | सोमवार, रात्री ११.५०

नमस्कार. येत्या रविवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे, ठाण्यात नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये. घरची आणि जवळची मिळून सव्वाशे माणसं येतील. दोन महिने रात्री जागून मी तिच्या आयुष्याचा स्लाइडशो करते आहे, पॉवरपॉइंटमध्ये. एकूण २१४ फोटो. तिच्या शाळेतल्या फोटोपासून अगदी परवाच्या नातीच्या वाढदिवसापर्यंत.

आज फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दादाकडे सीवूड्सला गेले. त्याच्या लॅपटॉपवर लावली तर पहिल्याच स्लाइडवर फोटोच्या जागी पांढरी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली. आत इंग्रजीत लिहिलेलं, की जोडलेलं चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली असेल, नाव बदललं असेल किंवा पुसली गेली असेल. दुसऱ्या स्लाइडवर तेच. तिसऱ्या स्लाइडवरही तेच. शेवटपर्यंत मोजले, ६३ फोटो नाहीत. मथळे मात्र जागच्या जागी. 'आई, वय वर्षं ९' एवढंच लिहिलेलं, वर रिकामं.

घरी परत येऊन घंटाळीच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली, तर फोटो आहेत! मग पेनड्राइव्ह खराब आहे का? की दादाकडचं पॉवरपॉइंट वेगळं आहे? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचे बहुतेक फोटो त्या ६३ मध्येच आहेत. हातापायातलं बळ गेल्यासारखं झालंय. कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.


ऐरोलीकर | सोमवार, रात्री १२.०५

ताई, पेनड्राइव्ह कॉपी पूर्ण व्हायच्या आत काढला होता का? माझं हॉलमध्ये साउंड आणि प्रोजेक्टर लावायचं काम आहे. घाईघाईत ओढून काढलेले पेनड्राइव्ह रोज बघतो. घरच्या फाइलचा आकार आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलचा आकार एकच आहे का ते बघा.


पारसिक | सोमवार, रात्री १२.२०

कॉपी अर्धवट राहिली असती तर फाइल उघडलीच नसती, किंवा उघडताना दुरुस्ती करू का म्हणून विचारलं असतं. निवडक ६३ फोटो तेवढे जात नाहीत.

ताई, आधी एक गोष्ट. घरच्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही फोटोला, कुठल्याही फोल्डरला आज हात लावू नका. नाव बदलू नका, आवराआवर करू नका. जे गेलं असं वाटतंय ते बहुतेक गेलेलं नाही, पण आता घाबरून केलेल्या आवराआवरीत मात्र खरंच जाऊ शकतं.

मग तीन गोष्टी सांगा. ६३ फोटोंमध्ये काही सारखेपणा आहे का? फाइल किती एमबीची आहे? आणि फोटो घालताना इन्सर्ट बटणावर सरळ दाबलं होतं, की त्याच्या शेजारच्या छोट्या बाणावर?


मासुंदा | मंगळवार, सकाळी ६.४०

रात्री झोप लागली नाही, मग तेच बघत बसले. सारखेपणा आहे! गायब झालेले सगळे जुने आहेत, साधारण १९८२ पर्यंतचे. म्हणजे जे मी स्कॅनरवर स्कॅन केले ते. मोबाइलमधले आणि डिजिटल कॅमेऱ्यातले सगळे दिसतात.

फाइल ३८ एमबी, दोन्हीकडे तेवढीच.

बाणाचं आठवतंय. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या ८० स्लाइड्स झाल्या तेव्हा दादाला बघायला मेल केल्या होत्या. तेव्हा फाइल २१ एमबी होती, गेली. पुढे ती २५ च्या वर गेल्यावर मेलला जोडता येईना. ऑफिसातल्या एकीने सांगितलं की मोठे स्कॅन काढून टाक आणि परत घालताना बाणावर दाबून 'लिंक टू फाइल' कर, फाइल हलकी राहते. तसंच केलं, आणि खरंच हलकी झाली.


पारसिक | मंगळवार, सकाळी ७.१५

सापडलं. ताई, निर्धास्त व्हा, फोटो घरीच आहेत.

तुमच्या पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये आत्ता १५१ फोटो आहेत. बाकीच्या ६३ च्या जागी नुसते पत्ते आहेत. डी ड्राइव्हमध्ये, अमुक फोल्डरमध्ये, अमुक नावाचा फोटो आहे, तिथून आणून दाखव, एवढीच चिठ्ठी. घरच्या कॉम्प्युटरवर त्या पत्त्यावर फोटो राहतो, म्हणून दिसतो. दादांच्या लॅपटॉपवर त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. पेनड्राइव्हवर तुम्ही चिठ्ठ्या नेल्या, माणसं घंटाळीतच राहिली. फाइल हलकी झाली ती त्यामुळेच.

स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची असेल तर फाइलची एक प्रत काढा. मूळ फाइल नको, प्रतच. तिच्या नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथे झिप लिहा. विंडोज विचारेल, हो म्हणा. पॉवरपॉइंटची आजची फाइल म्हणजे आतून एक झिपच असते. ती उघडली की आत पीपीटी नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर. स्लाइडशोने खरोखर पोटात घेतलेला प्रत्येक फोटो तिथे दिसतो. तिथे जो नाही, तो बाहेर राहतो.

उपाय असा. घरच्याच कॉम्प्युटरवर, जिथे सगळे फोटो दिसतात तिथेच, फाइल मेनूत इन्फो उघडा. उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स' असं असेल. त्यात ६३ ओळी दिसतील. सगळ्या निवडून 'ब्रेक लिंक'. नाव भीतीदायक आहे, पण होतं उलटं, पत्ता पुसला जातो आणि फोटो फाइलच्या आत येऊन बसतो. मग वेगळ्या नावाने सेव्ह करा. दादांच्या लॅपटॉपवर हे करू नका, तिथे आत घ्यायला फोटोच नाहीत.

पण त्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्या २१४ फोटोंवरून एकदा सावकाश नजर फिरवा. नुसते दिसतायत ना हे नाही, बरोबर फोटो दिसतोय ना हे बघा.


पामबीच | मंगळवार, सकाळी ९.३०

अगदी अशीच वेळ माझ्यावर सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आली होती, कारण मात्र वेगळं. माझे फोटो वनड्राइव्हमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात होते. फोल्डर उघडला की नावं दिसत, चित्रंही दिसत, म्हणून मला वाटलं लॅपटॉपवरच आहेत. प्रत्यक्षात नावाशेजारी छोटासा ढग होता. ढग म्हणजे फाइल वरच आहे, इंटरनेट असेल तेव्हाच खाली येईल. हॉल तळघरात, मोबाइलला रेंज नाही, आणि ऐन वेळी अर्धे फोटो उघडेनात. तेव्हापासून असा फोल्डर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करते आणि ढगाच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत उठत नाही.

आयफोनवाल्यांनीही बघा. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर.


ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी १०.१०

पारसिक, मग लिंक करणं चुकीचंच का? मोठ्या व्हिडिओसाठी आम्हाला करावं लागतं.


पारसिक | मंगळवार, सकाळी १०.४०

चुकीचं नाही. ज्याला रोज बदलणारं चित्र सगळ्या स्लाइडशोंत एकदम बदलून हवं असतं त्याच्यासाठी ती सोय आहे. फक्त लिंक करायचं असेल तर आधी स्लाइडशोची फाइल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मग लिंक करा, आणि नेताना अख्खा फोल्डर न्या. पेनड्राइव्हवरून लिंक करू नका, कारण आज तो ई ड्राइव्ह असतो, दुसऱ्या मशीनवर एफ होतो, आणि पत्ता चुकतो. फाइल – एक्स्पोर्टमध्ये 'पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी' म्हणून आहे. नाव जुनं असलं तरी 'कॉपी टू फोल्डर' दाबलं की लिंक केलेल्या सगळ्या वस्तू गोळा करून एका फोल्डरमध्ये देतं. व्हिडिओवाल्यांनी तेच वापरावं.

घरगुती कार्यक्रमाला मात्र फोटो पोटातच हवेत. तिथे हलकं जड बघू नये.


मासुंदा | मंगळवार, रात्री १०.२०

झिप करून बघितलं. मीडियामध्ये १५२ चित्रं आहेत, त्यातलं एक पार्श्वभूमीचं. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, १५१. मन थोडं शांत झालं.

पण तुम्ही सावकाश नजर फिरवायला सांगितलंत म्हणून बसले, आणि आता वेगळंच समोर आलंय. घरच्या कॉम्प्युटरवरही पाच स्लाइड्सवर फोटो आहे पण भलताच! २२ व्या स्लाइडवर मथळा आहे 'बाबा, वागळे इस्टेट, दसरा १९७४', आणि फोटो आहे मावशीच्या डोहाळजेवणाचा. मी इतके दिवस ही स्लाइड भराभर पुढे ढकलत होते, लक्षातच आलं नाही. मी तर नक्की बाबांचाच लावला होता.

तो फोटो माझ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असे. लेथ मशीनला झेंडूचा हार, मशीनच्या बेडवर हळदीकुंकवाची बोटं, आणि शेजारी बाबा, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून. उजव्या कडेला कुणाचा तरी हात आणि पूजेच्या ताटाची कड दिसते, बाकी माणूस फोटोबाहेर. कामाच्या जागी काढलेला त्यांचा हा एकच फोटो आहे.


पारसिक | मंगळवार, रात्री १०.४५

ताई, मावशींकडचे फोटो कुठे स्कॅन केले? आणि त्या फाइलींची नावं काय होती?


मासुंदा | मंगळवार, रात्री ११.००

मावशीकडे नेरुळला, भाच्याच्या स्कॅनरवर. नावं आपोआप पडत होती, स्कॅन ०००१, ०००२ अशी. अरे देवा. माझ्या घरच्या स्कॅनरचीही तशीच पडतात.

आठवलं. मावशीकडचे फोटो माझ्या फोल्डरमध्ये टाकताना विचारलं होतं की या नावाच्या फाइल्स आहेत, त्यांच्या जागी टाकू का. मला वाटलं तेच फोटो दुसऱ्यांदा कॉपी होतायत. मी हो म्हटलं.


पारसिक | मंगळवार, रात्री ११.२५

म्हणूनच विचारलं. पत्ता तोच राहिला, घरात माणूस दुसरा आला. लिंक केलेला फोटो म्हणजे त्या नावाने आज जे काही पडलंय ते. पॉवरपॉइंटला बाबा आणि मावशी यांतला फरक कळत नाही, त्याने पत्त्यावर जे मिळालं ते आणलं.

एकावर एक टाकलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथे शोधून उपयोग नाही. ते पाच फोटो कागदावर आहेत ना? परत स्कॅन करा, आणि या वेळी नाव स्वतः द्या. साल, प्रसंग, कुणाच्या अल्बममधला, एवढं पुरे. १९७४_दसरा_आई_अल्बम असं नाव दुसऱ्या कुणाच्या स्कॅनरला आपोआप सुचणार नाही.


मासुंदा | बुधवार, सकाळी ८.१०

चार आहेत, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये. बाबांचा मात्र सुटा होता. स्कॅन झाल्यावर आत्याने मागितला म्हणून तिला दिला. आत्ता फोन केला, तिच्याकडे घराचं रंगकाम चालू आहे, सामान खोक्यांत भरून ठेवलंय. ती बिचारी फोनवर रडायला लागली. मीच तिला म्हटलं, सापडेल गं, राहू दे. पण रविवारपर्यंत मिळणार नाही.


पारसिक | बुधवार, सकाळी ८.३०

तीन आठवड्यांपूर्वी दादांना मेल केलेली २१ एमबीची फाइल! ती लिंक करायच्या आधीची. पहिल्या ८० स्लाइड्स म्हणालात, हा फोटो २२ व्या स्लाइडवर आहे. 'सेंट'मध्ये जा, ती फाइल उतरवा, प्रत काढा, झिप करा, मीडिया उघडा.


मासुंदा | बुधवार, सकाळी ८.५५

मिळाला. मिळाला! बाबा आहेत. पाचही आहेत.

तुम्हाला काय म्हणू कळत नाही. ऑफिसला जायचंय पण इथेच बसून आहे.


पामबीच | बुधवार, सकाळी ९.०५

वाचता वाचता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ताई, तो फोटो आधी तीन ठिकाणी ठेवा, मग ऑफिसला जा.


पारसिक | बुधवार, सकाळी ९.२०

फार बरं वाटलं. आता एक सांगून ठेवतो. पॉवरपॉइंट सेव्ह करताना फोटो त्याच्या ठरलेल्या दर्जापर्यंत दाबतं, त्यामुळे मीडियातला फोटो मूळ स्कॅनएवढा मोठा नसेल. पडद्यावर चालेल, फ्रेम करायला कमी पडेल. उरलेले चार तरी अल्बममधून परत स्कॅन कराच.


डार्करूम | बुधवार, दुपारी २.३०

मी उशिरा वाचतोय. वाशीत तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता बंद केला. जुन्या फोटोंबद्दल दोन शब्द बोलावेसे वाटले.

काळ्या कागदाच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. कोपरे लावलेले असतील तर सुटतील, डिंकाने चिकटवलेले असतील तर अख्खं पान स्कॅनरवर पालथं घाला आणि नंतर फोटोपुरता भाग कापून घ्या. ८० च्या दशकातल्या, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असणाऱ्या चिकट अल्बमांबाबतही तेच. लहान प्रिंट ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करा. ३ बाय ४ इंचाचा फोटो १८०० बाय २४०० पिक्सेल होतो. हॉलचा पडदा बहुधा १९२० बाय १०८० चा असतो, म्हणजे ऐसपैस झाला.

आणि ताई, तुमच्या वडिलांच्या फोटोची निगेटिव्ह आहे का? १९७४ म्हणजे बऱ्याच जणांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० नंबरचा फिल्मचा रोल, बारा फोटो, आणि निगेटिव्ह चौकोनी, सहा बाय सहा सेंटिमीटरची. लोक त्या रोलबरोबर आलेल्या निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात घालून ट्रंकेत टाकत आणि विसरून जात. आईला विचारा. प्रिंट हरवते, दिली जाते, निगेटिव्ह कुणी मागत नाही, म्हणून ती घरातच राहते.

दुसरं असं, की चौकोनी निगेटिव्हवरून आम्ही आडवा मोठा फोटो करून देत असू तेव्हा चित्र कुठून ना कुठून कापावंच लागे. कधी वरचं खालचं, आणि मधला माणूस मोठा हवा म्हटला की बाजूचंही. कागद आमच्या मापाचा, चित्र कॅमेऱ्याच्या मापाचं. तुम्ही जो कडेचा हात म्हणताय, तो माणूस निगेटिव्हमध्ये पूर्ण असण्याची शक्यता आहे.


मासुंदा | बुधवार, रात्री ९.४०

काका, आईला काही सांगायचं नव्हतं, तिच्यासाठी सगळं गुपित आहे. मग नुसतं म्हटलं, जुन्या निगेटिव्ह कुठे आहेत गं? तिने विचारलंसुद्धा नाही कशाला. लोखंडी ट्रंकेतल्या पैठणीच्या घडीखाली हात घालून बिस्किटांचा डबा काढून दिला. आत सतरा पाकिटं. एकावर बाबांच्या अक्षरात 'दसरा ७४, कारखाना'.

आता पुढे काय करू? माझ्या स्कॅनरवर ठेवून बघितलं तर नुसतं काळं येतंय.


डार्करूम | बुधवार, रात्री १०.१५

साध्या स्कॅनरवर काळंच येणार. त्याचा उजेड खालून येतो आणि कागदावर आपटून परत जातो. निगेटिव्हला उजेड आरपार जावा लागतो.

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म आतून कुजायला लागली आहे, ते पाकीट इतरांपासून वेगळं ठेवा. वास नसेल तर उत्तम. कडेनेच धरा, सुती हातमोजे असतील तर घाला. धूळ ब्लोअरने उडवा. फुंकर मारू नका, ओढणीने पुसू नका, पाणी तर अजिबात नको.

घरी टॅबलेट आहे? त्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, उजेड पूर्ण. त्यावर दोन चार सेंटिमीटर उंचीवर काच ठेवा, काचेवर निगेटिव्ह. अंतर ठेवायचं ते स्क्रीनचे ठिपके फोटोत येऊ नयेत म्हणून. खोलीतले दिवे बंद. चकचकीत बाजू वर, फिक्कट बाजू खाली. उलटी ठेवली तर मशीनवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतील, त्यावरून कळेल. मोबाइल बरोबर वर आडवा स्थिर धरा, दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर टेकवा, आणि टायमर लावून फोटो घ्या. मग कुठल्याही फोटो ॲपमध्ये रंग उलटे करा. कृष्णधवल असल्यामुळे एवढ्यात काम होतं. रंगीत निगेटिव्ह असती तर तिचा नारिंगी रंग काढण्यात रात्र गेली असती.

जमलं नाही तर शनिवारी सकाळी वाशी स्टेशनला या. माझा निगेटिव्हचा स्कॅनर अजून चालतो.


ऐरोलीकर | गुरुवार, सकाळी ११.२०

ताई, तोपर्यंत हॉलच्या बाजूचं सांगून ठेवतो, कारण फोटो परत मिळाले तरी रविवारी पडद्यावर पोचायला हवेत.

पूर्ण झाल्यावर फाइल – एक्स्पोर्ट – 'क्रिएट अ व्हिडिओ' करून एमपी४ काढा. त्यात फोटो, मथळे, गाणं सगळं पक्कं होतं. हॉलच्या कॉम्प्युटरवर तुमचा देवनागरी फॉन्ट नसेल तरी अक्षरं मोडत नाहीत. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये मथळे केले असतील तर एरवी ती हमखास मोडतात, आईच्या नावाच्या जागी इंग्रजी चिन्हं उमटतात. पेनड्राइव्ह दोन आणा. पेनड्राइव्हची मांडणी (फॉरमॅट) फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यावर बसत नाही, पण तुमचा व्हिडिओ तेवढा होणार नाही.

हॉलवाल्यांना आधी विचारा, प्रोजेक्टरच्या चित्राची रुंदी-उंची १६:९ आहे की ४:३. आणि शनिवारी संध्याकाळी अर्धा तास मागून घ्या. शेवटपर्यंत चालवून बघा, पहिल्या पाच स्लाइड्स बघून उठू नका.


पारसिक | गुरुवार, दुपारी १.००

व्हिडिओला शंभर टक्के अनुमोदन. मी तर म्हणेन फक्त व्हिडिओच न्या.


डार्करूम | गुरुवार, दुपारी ४.१५

इथे मी थोडा वेगळा आहे. व्हिडिओ ठरलेल्या वेळेला पुढे जातो. पॉवरपॉइंट तिथे आपणहून प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद धरतं. ८१ वर्षांच्या बाईला सत्तर वर्षांपूर्वीच्या ग्रुप फोटोत आपली मैत्रीण शोधायला ५ सेकंद पुरत नाहीत. ती बोट वर करते तोवर पुढचा फोटो येतो. दोन्ही न्या, आणि शक्यतो पॉवरपॉइंटच चालवा, हातात क्लिक ठेवून, आईकडे बघत. व्हिडिओ अडीअडचणीला.


ऐरोलीकर | गुरुवार, संध्याकाळी ५.००

काका, हे पटलं. मीही यापुढे लोकांना असंच सांगेन.


मासुंदा | गुरुवार, रात्री ११.३०

पाठोपाठ सांगते. चार फोटो परत स्कॅन केले, भलते फोटो काढून बरोबर लावले, मग सगळ्या लिंक तोडल्या. फाइल ५६ एमबी झाली. दादाला पेनड्राइव्हवर नुसती ती एकच फाइल दिली, सगळे दिसले.

दोन स्लाइड्स मात्र शो चालू असताना येत नव्हत्या. त्यांच्या क्रमांकावर तिरकी रेघ होती, 'हाइड स्लाइड' चुकून दाबलं गेलं होतं. काढलं.

भाच्याने मावशीचे अलीकडचे नऊ फोटो आयफोनमधून दिले होते, ते दादाच्या लॅपटॉपवर उघडतच नाहीत. तेही जोडायचे आहेत.


पारसिक | गुरुवार, रात्री ११.४५

ते एचईआयसी असतील. आयफोन २०१७ पासून आपणहून त्याच प्रकारात फोटो ठेवतो, आणि विंडोजला त्यासाठी वेगळी जोड लागते. फोटो शाबूत आहेत. भाच्याला फोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजच्या खाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' ऑटोमॅटिक करायला सांगा आणि केबलने परत द्यायला सांगा, जेपीईजी होऊन येतील. व्हॉट्सॲपवर नुसते फोटो म्हणून मागवू नका, दाबले जातात.


मासुंदा | शनिवार, दुपारी १२.१०

टॅबलेटवर प्रयत्न केला, हात हलत होता, नीट येईना. मग आज सकाळी ठाण्याहून वाशीची लोकल पकडली. काकांनी आणि काकूंनी घरी नेलं, आधी पोहे खायला लावले. काकांनी पाकिटातली निगेटिव्ह चिमट्याने काढली, खिडकीकडे धरून बघितली आणि मला म्हणाले, ये, बघ. मला उलट्या रंगात काहीच कळलं नाही. स्कॅनरमध्ये घातली, आणि पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उतरत गेली.

झेंडूचा हार. लेथ. बाबा. आणि उजवीकडे, जिथे प्रिंट संपायची तिथे चित्र संपलं नाही. काकणं, मग दंड, मग काठाची साडी, डोक्यावरून पदर. पूजेचं ताट धरून आई उभी आहे. तिशीची. आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, बाबांकडे बघतेय.

इतकी वर्षं तो हात आमच्या घरात होता आणि कुणाचा ते माहीत नव्हतं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. उरलेली सोळा पाकिटं मी त्यांच्याकडे ठेवून आले, दिवाळीनंतर एकेक करू म्हणाले. फोटो २२ व्या स्लाइडवर लावलाय, पोटात घेतलाय, लिंक नाही. संध्याकाळी हॉलवर शेवटपर्यंत चालवून बघणार आहे.


मासुंदा | रविवार, रात्री १०.५०

सगळे फोटो दिसले.

काकांचं ऐकून पॉवरपॉइंटच चालवलं, क्लिक दादाच्या हातात आणि मी आईच्या शेजारी. २२ वी स्लाइड आली तेव्हा दादा थांबला. आई बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "त्या दिवशी ताटातला कापूर विझत होता, मी ह्यांना सांगत होते लवकर या, आणि हे फोटोला उभे." मागच्या रांगेतून आत्या उठून पुढे आली आणि पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. दादाने पाच मिनिटं पुढची स्लाइड लावली नाही.

आत्याला मोठी प्रिंट हवी आहे. काका, १२ बाय १२ होईल ना?


डार्करूम | रविवार, रात्री ११.१५

होईल. मॅट कागदावर करू. अख्खी, काही न कापता.